बंदुकीची दारू आणि तोफेची नळी

रोह्याचें ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास महाराजांची पालखी निघते आणि महाराजांस पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते, ही प्रथा आमच्या भागांतील बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस आम्ही आक्का म्हणतों, त्या रोह्यास दिलेल्या. त्यामुळें त्या दिवसांत पेणहून रोह्यास जाण्याचा आमचा परिपाठ कित्येक वर्षांचा आहे. पेणच्या स्टेशनावर गाडींत बसावें, कासू, नागोठणें, निडी हीं स्टेशनें ओलांडावींत, आणि कुंडलिकेच्या कांठच्या त्या गांवीं आक्कांच्या ओसरीवर जाऊन पाय धुवावेत, यांत आम्हांस एखाद्या यात्रेचें समाधान मिळतें.

यंदां पालखीचें दर्शन घेऊन घरीं परतलों तों आक्कांचा नातू ओसरीवर कांहींतरी खरडीत बसलेला दिसला. हा मुलगा पुण्यास यंत्रशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे; बुद्धीनें तल्लख आणि हातानें खटपट्या. जवळ जाऊन पाहतों तों माळ्यावर पडलेली जुनी उखळी त्यानें खालीं आणली होती. वीत-दीड वीत उंचीची, बिडाची, जाड बुडाची, बुडाजवळ बत्ती देण्याचें बारीक छिद्र असलेली. पूर्वीं देवाच्या उत्सवांत अशा उखळ्यांत दारू ठासून बार काढीत असत, हें वडील मंडळींना आठवत असेल. आतां ती चाल पुष्कळ ठिकाणीं मागें पडली आहे.

"मामाआजोबा," तो उत्साहानें म्हणाला, "यंदां तुळशीच्या लग्नाला हिचा बार काढायचा. आणि तीहि जुनी काळी दारू घालून नव्हे. एका मित्राच्या ओळखीनें काडतुसांतील धूर न होणारी दारू मिळण्यासारखी आहे. काळ्या दारूनें नळींत काजळी बसते, मग गंज चढतो. ही नवी दारू अगदीं स्वच्छ जळते, मागें कांहींहि उरत नाहीं. म्हणजे बारहि मोठा आणि नळीचें आयुष्यहि वाढेल. खरें ना?"

आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. शास्त्राचे गुरुजी रजेवर असले म्हणजे त्यांचाहि तास घेतला. इतक्या वर्षांच्या अनुभवानें एक गोष्ट आम्हांस पटली आहे. निखालस खोटें विधान मुलांना फारसें फसवीत नाहीं. ज्यांत अर्धें सत्य आहे तेंच फसवितें. काळ्या दारूनें काजळी बसते हें सत्य. नवी दारू स्वच्छ जळते हेंहि सत्य. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र असा कीं त्यापायीं माणसाचा हात जावा. त्या सायंकाळीं आम्हीं त्याला जें सांगितलें तेंच थोडें नीट मांडून येथें देत आहों. ज्या घरांत तरुण मुलें आहेत त्या घरांत तें वाचलें जावें अशी आमची इच्छा आहे. आणि ही इच्छा इतकी तीव्र कां, तें शेवटीं सांगूं.

काळी दारू : मळकट पण सौम्य

सोरा, गंधक आणि कोळसा या तिहींच्या मिश्रणास आपण बंदुकीची दारू म्हणतों. शुक्रनीतींत हिला अग्निचूर्ण आणि बंदुकीला नालिक अशीं नांवें आलेलीं आहेत. तेवढ्यावरून आमच्या पूर्वजांपाशीं अतिप्राचीन काळीं तोफा होत्या असें कित्येक अभिमानानें सांगतात. परंतु त्या ग्रंथांतील हा भाग बराच अर्वाचीन असावा असें अनेक पंडितांचें मत आहे, आणि संस्कृताचा अभिमानी म्हणूनच आम्हांस तें मत नजरेआड करतां येत नाहीं. चीन देशांत या चूर्णाचा शोध लागला व तेथून तें जगभर गेलें, हें आतां सर्वमान्य आहे.

या काळ्या दारूचा स्वभाव काय? नोबल आणि एबल या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८७५ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असें आढळलें कीं या दारूच्या वजनापैकीं सुमारें ४३ टक्केच भाग जळल्यावर वायुरूप होतो. उरलेला सुमारें ५७ टक्के भाग म्हणजे घन क्षार. कांहीं धुराबरोबर बाहेर जातो, कांहीं नळीला चिकटतो. गोळ्याला ढकलण्याचें काम वायु करतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक दारू गोळ्याच्या दृष्टीनें फुकटच गेली म्हणावयाची. त्यामुळें तिचा जोर बेताचा आणि तिच्या जाळाचा तापहि नव्या दारूपेक्षां पुष्कळ कमी.

म्हणूनच जुन्या तोफा एवढ्या दीर्घायु झाल्या. अहमदनगर येथें १५४९ सालीं ओतलेली मुलूखमैदान तोफ आजहि विजापुरास उभी आहे. जंजिऱ्याच्या बुरुजांवरील कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या तोफा आमच्या जिल्ह्यांतील शाळांच्या सहलींनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन विलायती तोफा आहेत; त्यांवर यॉर्कशरच्या लो मूर लोहकारखान्याचें नांव कोरलेलें आहे. ओहोटीच्या वेळीं किल्ल्यांत चालत गेलेल्या वाचकांनीं त्या अवश्य पाहिल्या असतील.

परंतु या दारूचीहि नळीला बाधा होतेच. ती दोन प्रकारची. पहिली बत्तीच्या छिद्रापाशीं. तेथून तापलेला वायु चिंचोळ्या वाटेनें वेगानें सुटतो, आणि प्रत्येक बारागणिक तें छिद्र थोडथोडें खात जातो. जुन्या ब्राँझच्या तोफांचीं छिद्रें अशीं रुंदावत, आणि मग त्यांत तांब्याची नवी नळकांडी बसवावी लागे. तापलेला वायु धातु खातो, याचा हा पहिला धडा होय. दुसरी बाधा गंजाची. मागें राहिलेले क्षार हवेंतील ओल शोषून घेतात. आमच्या पेणच्या मिठागरांजवळ राहणाऱ्यांना हें वेगळें सांगावयास नको; श्रावणांत मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतें तें प्रत्येक गृहिणी जाणते. बार झाल्यावर नळी पाण्यानें धुवून, पुसून, तेल लावून ठेवली नाहीं, तर कोंकणच्या एका पावसाळ्यांत आंतून तिला खड्डे पडूं लागतात.

नवी दारू : निर्मळ पण दाहक

१८४६ सालीं शेनबाइन या शास्त्रज्ञानें कापसावर तीव्र आम्लांचा संस्कार करून स्फोटक कापूस तयार केल्याचें जाहीर केलें. दिसावयास साधा कापूस, पण ठिणगी लागतांच भप्प होऊन नाहींसा होणारा. त्याचा आवेग आवरून त्याची बंदुकीजोगी दारू करण्याचें काम फ्रान्समध्यें व्हिएल यानें १८८४ सालीं साधलें. पुढें १८८७ सालीं आल्फ्रेड नोबेल यानें स्फोटक कापूस आणि नायट्रोग्लिसरीन यांचें मिश्रण केलें, आणि १८८९ सालीं इंग्लंडांत एबल व ड्यूअर यांनीं त्याच दोन द्रव्यांपासून कॉर्डाइट बनविलें. कॉर्ड म्हणजे दोरी. ही दारू शेवयांसारख्या लांब दोऱ्यांच्या रूपानें काढीत, म्हणून हें नांव. तिच्या मालकीहक्कावरून नोबेलच्या मंडळींनीं केलेला दावा पार हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेला, आणि १८९५ सालीं ते तो हरले.

पहिल्या कॉर्डाइटमध्यें १०० भागांत ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग स्फोटक कापूस आणि ५ भाग खनिज व्हॅसलीन असे. धूर जवळजवळ नाहीं, राख नाहीं, आणि थोड्या दारूंत मोठा जोर! रणांगणावर धुराच्या पडद्यामुळें कांहीं दिसत नसे ती अडचण गेली, आणि सैन्याधिकारी आनंदले. परंतु अल्पावधींतच तोफांच्या नळ्या भराभर झिजूं लागल्या.

असें कां व्हावें? नायट्रोग्लिसरीनच्या अंगीं स्वतःच्या ज्वलनास पुरून थोडा उरेल इतका प्राणवायु असतो. स्फोटक कापसास मात्र तो कमी पडतो आणि त्याचें ज्वलन अपुरें राहतें. पहिल्यानें दुसऱ्याची उणीव भरून काढली म्हणजे ज्वलन पूर्णत्वास जातें आणि उष्णता कमालीची वाढते. नायट्रोग्लिसरीन जितकें अधिक, तितका जाळ तीव्र. चुलींतील ओल्या लाकडावर फुंकर घातली म्हणजे धूर जाऊन जाळ होतो, तसाच हा प्रकार; धूर गेला म्हणून आपण संतोष मानतों, पण त्याच वेळीं भांडें करपूं लागलेलें असतें.

यावर उपाय झाला तो प्रमाण बदलण्याचा. १९०१ सालीं सुधारलेलें कॉर्डाइट निघालें. त्यांत नायट्रोग्लिसरीन ५८ वरून ३० वर आणलें, कापूस ३७ चा ६५ केला आणि व्हॅसलीन तेंच ५ ठेवलें. द्रव्यें तींच, केवळ भाग बदलले. पण जाळ सौम्य झाला आणि नळ्यांचें आयुष्य पुष्कळ वाढलें. अर्थात् हा लाभ फुकट मिळाला नाहीं. तितकाच वेग मिळविण्यास सुमारें १५ टक्के अधिक दारू भरावी लागूं लागली. बळ कमी केलें तेव्हां आयुष्य लाभलें, हा या शास्त्रांतील व्यवहार आहे.

व्हॅसलीनची गोष्टहि मौजेची आहे. नळीला आंतून वंगण मिळावें म्हणून तें प्रथम घातलें गेलें. तें काम त्यानें फारसें केलें नाहीं. जाळांत तेंहि जळून जाई. परंतु जळतांना त्यानें प्राणवायुचा वांटा उचलला व ताप थोडा उतरविला, आणि शिवाय दारू सांठवणींत बिघडूं नये म्हणून रक्षणाचें काम केलें. एका हेतूनें ठेवलेला गडी दुसऱ्याच कामास उपयोगी पडावा, तसें झालें.

हें सर्व केवळ मोठ्या तोफांपुरतें नव्हे. १८८८ सालीं इंग्रजी सैन्यांत ली-मेटफर्ड बंदूक आली. तिच्या नळींतील पेचदार खांचा उथळ व गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी त्यांत अडकूं नये अशी ती योजना होती. त्या नळींत जेव्हां कॉर्डाइटचीं काडतुसें उडूं लागलीं, तेव्हां त्या उथळ खांचा पाहतां पाहतां झिजून गेल्या. शेवटीं १८९५ सालीं खोल खांचांची नवी नळी करावी लागली, आणि त्या बंदुकीचें नांव ली-एन्फील्ड झालें. हीच ती .३०३ बंदूक, जी पुढें कित्येक वर्षें आपल्याकडील पोलिसांच्या खांद्यावर दिसत असे. आमच्या नातवाला आम्हीं येथेंच थांबवून विचारलें, "बाळ, एका दारूसाठीं घडविलेल्या नळींत दुसरी दारू घातली तेव्हां सरकारी शस्त्रशाळेतील उत्तम पोलादाची ही गत झाली. मग तुझ्या या बिडाच्या उखळीची काय कथा?"

झीज होते कशी ?

तो गप्प बसणारा नव्हता. "पण मामाआजोबा, बार तर क्षणार्धांत होतो. समईच्या ज्योतींतून बोट झरकन नेलें तर भाजत नाहीं. मग एवढ्या जाड पोलादाला काय होणार?"

प्रश्न उत्तम होता. मोठ्या तोफेंतून गोळा बाहेर पडण्यास एका सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक इतकाच काळ लागतो, हें खरें. परंतु त्या अवधींत वायुचें तपमान तीव्र दारूंत ३००० अंशांच्याहि वर जातें. पोलाद सुमारें १५०० अंशांवर वितळतें. सबंध नळी तापण्यास वेळ मिळत नाहीं. पण आंतील केसाहून पातळ असा थर मात्र क्षणभर भयंकर तापतो, फुगूं पाहतो, आणि भोंवतालचें थंड पोलाद त्याला फुगूं देत नाहीं. लगेच तो थंड होतो व आकसतो. असें शेंकडों वेळां झालें म्हणजे त्या थराला बारीक भेगांचें जाळें पडतें. पेणच्या खाजणांतला चिखल वैशाखांत कसा तडकतो, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं झिजलेल्या नळीचा अंतर्भाग पाहिल्यासारखाच आहे.

या तापाच्या जोडीला रसायनाची क्रिया असते. दारूच्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ असतो. त्यांतील कर्ब तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागांत शिरतो. शुद्ध लोखंड १५३८ अंशांवर वितळतें. पण त्यांत सव्वाचार टक्क्यांच्या सुमारास कर्ब मिसळला तर तेंच ११५० अंशांच्या आसपास पाघळूं लागतें. घरीं आइस्क्रीम करतांना बर्फांत मीठ घातलें कीं बर्फ लवकर पाघळतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणजे वायु नुसता भाजीत नाहीं, तर आधीं पोलादाला हळवें करून मग भाजतो. हायड्रोजन भेगांत शिरून पोलाद ठिसूळ करतो. याच्या उलट नायट्रोजन अधिक असेल तर तो नळीला त्या मानानें कमी त्रास देतो. म्हणून दोन दारूंचें तपमान सारखें असलें तरी त्यांच्या वायूंतील घटक निराळे असतील तर झीज निराळी होते.

तिसरी क्रिया घर्षणाची. गोळ्याला फिरकी मिळावी म्हणून त्याच्याभोंवतीं तांब्याचें कडें असतें, आणि तें खांचांत रुतून पुढें सरकतें. तापानें भेगाळलेला, कर्बानें हळवा झालेला थर त्या कड्याच्या रेट्यानें आणि वायुच्या झोतानें निघून जातो. झीज सर्वांत अधिक कोठें होते? जेथें खांचा सुरू होतात, गोळ्याच्या बैठकीच्या जागीं. कारण जाळाचा पहिला तडाखा तेथेंच बसतो.

परिणाम असा कीं गोळा सैल बसतो, वायु बाजूनें निसटतो, गोळ्याचा वेग घटतो आणि तो नेमाच्या अलीकडे पडतो. ज्यांचीं मुलें सैन्यांत आहेत त्यांना या अलीकडे पडण्याचा अर्थ सांगावयास नको. अलीकडे आपलेच शिपाई असतात. म्हणून प्रत्येक तोफेचें एक वहीखातें असतें. पूर्ण भाराच्या किती बारांइतकी झीज झाली याची त्यांत नोंद राहते, आणि खांचांच्या आरंभीं नळी ठराविक मर्यादेपलीकडे रुंदावली कीं ती बाद होते.

या झिजेचें टोकाचें उदाहरण म्हणजे १९१८ सालीं जर्मनांनीं सुमारें १२० किलोमीटरांवरून पॅरिसवर डागलेली तोफ. तिचा भार एवढा प्रचंड होता कीं प्रत्येक बारानें नळी रुंद होई. म्हणून गोळ्यांना क्रमांक दिलेले असत आणि प्रत्येक पुढचा गोळा मागच्यापेक्षां किंचित् जाड केलेला असे. क्रम चुकवून चालत नसे. साठ-पासष्ट बारांनंतर ती नळी उतरवून, पुन्हां रुंद कोरून घ्यावी लागे.

पथ्यकर आहार

वैद्य जसा रोग्याला पथ्य सांगतो, तसें तोफेच्या वैद्यांनींहि नळीला पथ्याचें अन्न शोधलें. नायट्रोग्वानिडीन नांवाचें नायट्रोजनप्रधान द्रव्य निम्म्याच्या आसपास मिसळून इंग्रजांनीं 'कॉर्डाइट एन' बनविलें. त्यांत १०० पैकीं ५५ भाग तेंच द्रव्य, आणि कापूस व नायट्रोग्लिसरीन प्रत्येकीं १९ च्या आसपास. तिचा जाळ जुन्या कॉर्डाइटपेक्षां कितीतरी सौम्य, वायु भरपूर, आणि नळीच्या तोंडाशीं भडकाहि कमी. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजी आरमारानें ती वापरली. अशा तीन मुख्य द्रव्यांच्या दारू आजहि मोठ्या तोफांत वापरल्या जातात.

याशिवाय नळीला आंतून क्रोमियमचा मुलामा देतात. १९६० च्या सुमारास स्वीडनमध्यें दुसरी युक्ति निघाली : मेण आणि टिटॅनियम डायॉक्साइड यांचा लेप दिलेलें कापड दारूभोंवतीं ठेवावयाचें. जाळ होतांच त्याचा एक थंडसर थर नळीच्या भिंतीला लागून पसरतो आणि पोलादाचें रक्षण करतो. अंगाला उटणें लावावें तसें हें नळीचें उटणेंच.

आपल्या देशांत कॉर्डाइटचा कारखाना या शतकाच्या मागील शतकारंभींच निलगिरींत अरुवनकाडु येथें निघाला. आमच्या महाराष्ट्रांत भंडारा येथें अशा दारूचा मोठा कारखाना आहे, आणि पुण्यास खडकी-पाषाणच्या बाजूस स्फोटकांच्या व तोफांच्या संशोधनशाळा आहेत. पाषाणच्या संस्थेनें आंखलेल्या १५५ मिलिमीटरच्या नव्या भारतीय तोफेचा ३०७ नगांचा करार २०२५ च्या मार्च महिन्यांत झाला. त्याच वर्षीं २४ जानेवारीस भंडाऱ्याच्या कारखान्यांत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखीं पडले, हेंहि विसरतां कामा नये. ज्या द्रव्याशीं शिकलेलीं, सरावलेलीं माणसें पदोपदीं नियम पाळून वागतात तेथेंहि असा प्रसंग येतो. त्या द्रव्याची पुडी मित्राच्या ओळखीनें आणून ओसरीवर उघडणें म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. परवान्यावांचून तें बाळगणें कायद्यानें गुन्हा आहे ही गोष्ट तर वेगळीच.

आणि झीज ही पुढची गोष्ट झाली. काळ्या दारूच्या नळींत धूरहीन दारू घातली तर झीज होण्यास नळी शिल्लक राहील तर ना! काळी दारू कशीहि ठासली तरी तिच्या जोराला एक सीमा आहे. धूरहीन दारू जितकी कोंडावी तितकी अधिक वेगानें जळते, आणि दाब कित्येक पटींनीं चढतो. अशा दाबासाठीं निवडक पोलाद लागतें. बीड तर ठिसूळ, तें वांकत नाहीं, एकदम फुटतें.

मामांचा हात

इतकें सांगून झालें तरी मुलाच्या डोळ्यांत अजून थोडी शंका दिसत होती. "थोडीशीच घालून पाहिली तर?" तो पुटपुटला. इतका वेळ आक्का दारांत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करतांच आम्हांस म्हटलें, "त्याला मामांची गोष्ट सांग."

साठ वर्षांच्या वयांत ती गोष्ट आम्हीं कोणास सांगितली नव्हती. आक्कांस ती ठाऊक होती, कारण त्या तेथें होत्या.

आम्ही तेव्हां अकरा वर्षांचे. आजोळीं देवाचा उत्सव होता आणि उखळीचा बार काढण्याचें काम आमच्या मामांकडे असे. मामा पेणला गणपतींच्या एका कारखान्यांत कामास होते. मूर्तीच्या डोळ्यांची आंखणी ते करीत. ज्यांनीं तें काम पाहिलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं रंग कोणीहि देईल, पण डोळ्यांची रेघ ओढण्यास स्थिर हात लागतो. त्या एका रेघेनें मातीची मूर्ति आपल्याकडे पाहूं लागते. मामांनीं आम्हांस दोन मापें दारू घालावयास सांगितली आणि ते बत्ती आणावयास वळले. आदल्या वर्षीं शेजारच्या आळीचा बार आमच्यापेक्षां मोठा झाला होता, हें शल्य आमच्या मनांत होतें. आम्हीं तिसरें माप घातलें आणि वरून विटेचा चुरा भरपूर ठासला.

उखळी फुटली. बाहेरून ती दरवर्षीं काव लावून रंगविलेली, चांगली जाडजूड दिसत असे. आंतून मात्र वर्षानुवर्षांच्या क्षारांनीं आणि गंजानें ती पोखरून गेली होती. नळीची झीज बाहेरून दिसत नाहीं. मामांच्या उजव्या हाताचा आंगठा आणि दोन बोटें गेलीं.

दारू कोणी भरली हें विचारणाऱ्यांना मामांनीं एकच उत्तर दिलें, "मींच भरली, अंदाज चुकला." आमच्याकडे पाहिलें, पण शब्दानें बोलले नाहींत. दोन वर्षें ते घरीं डाव्या हातानें पाटीवर रेघा ओढीत बसत. तिसऱ्या वर्षीं पुन्हां कामास गेले, पण डोळ्यांची आंखणी त्यांच्याकडे परत आली नाहीं. ते पाटाला आणि शेल्याला रंग देत. आम्ही पुढें मॅट्रिक झालों, गुरुजी झालों, शेंकडों मुलांना सत्यं वद शिकविलें, आणि मामा गेले तोंपर्यंत त्यांच्यापुढें तें एक वाक्य उच्चारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. येथें तें लिहीत आहों. उशीर झाला आहे, हें आम्हांस कळतें.

आमचें बोलणें संपलें तेव्हां ओसरीवर दिवा लागला होता. मुलानें उखळी हातांत घेतली, आंत बोट घातलें आणि हळूच फिरविलें. बोट बाहेर काढलें तें तांबड्या गंजानें माखलेलें होतें. "आंत खड्डे आहेत," एवढेंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें मित्रास फोन करून ती दारू नको म्हणून कळविलें. उखळी घासूनपुसून, तेल लावून, बत्तीच्या छिद्रांत शिशाचा खुंटा ठोकून बंद करून, त्यानें ती तुळशीवृंदावनाजवळच्या कोनाड्यांत ठेवली. कार्तिकांत आक्कांचें पत्र आलें. तुळशीचें लग्न यथासांग पार पडलें. मंगलाष्टकें झालीं, मुलांनीं थाळ्या वाजविल्या, आणि बार निघाला नाहीं म्हणून कोणाचें कांहीं अडलें नाहीं. पत्राच्या खालीं त्या मुलानें स्वतःच्या अक्षरांत एक ओळ जोडली होती : पुण्याच्या महाविद्यालयांत या वर्षीं त्यानें अभ्यासासाठीं धातूंच्या झिजेचा विषय घेतला आहे.